तिसऱ्या मजल्यावरचा डबा

शिवणवाली : भाज्या चिरून झाल्या, ताई. पातेली पण घासली. आता तरी सांगा.

ताई : काय सांगू?

शिवणवाली : मला डबे द्यायला का पाठवत नाही? आधी त्या गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्या माणसांना मीच डबा द्यायची. तुमच्या आत्याबाईंना पण. आता फक्त चिरा, धुवा, पुसा.

ताई : अहो, तुमचाच विचार केला मी. दिवसभर मशीनवर बसून कपडे शिवता, कंबर धरते म्हणत होतात. त्यात ते जिने चढायचे...

शिवणवाली : कंबर चढून नाही दुखत. बसून दुखते. आणि इथे वाकून घासलं की जास्त दुखते.

ताई : बरं, पुढच्या आठवड्यात बघू.

शिवणवाली : मागच्या आठवड्यात पण हेच बोलला तुम्ही.

ताई : बसा हो जरा. ते फडकं ठेवा खाली. सकाळपासून उभी आहे मी, पायांचे नुसते गोळे झालेत.

शिवणवाली : बसले. सांगा.

ताई : आत्या नको म्हणाली. ‘त्या पुलापलीकडच्या बाईला पाठवू नकोस, तिच्या हातून आलेलं मला घशाखाली उतरत नाही.’ झालं? ऐकायचं होतं ना?

शिवणवाली : बाकी गल्लीत कोण नको म्हणालं?

ताई : कुणीच नाही.

शिवणवाली : मग सगळी गल्ली का काढली?

ताई : एकच घर काढलं असतं तर तुमच्या लक्षात आलं असतं. वाईट वाटलं असतं.

शिवणवाली : आता फार छान वाटतं मला.

ताई : टोमणे नका मारू. पुलापलीकडे तुमच्या वस्तीत दारोदार कोण फिरलं? मीच ना? सगळ्या भाषांच्या, सगळ्या रीतींच्या माणसांनी म्हाताऱ्यांना फुकट डबे द्यायच्या या कामाला हात लावावा म्हणून बोलून बोलून घसा बसला माझा. तेव्हा कुठे तुम्ही पाच-सहा जणी आलात. आणि आता एकट्या तुम्ही उरलात. मला काय आवडतं का हे?

शिवणवाली : त्या का गेल्या, माहीत आहे?

ताई : कामं असतील. मुलंबाळं...

शिवणवाली : मुलं आधी पण होती. ताई, फोटो काढला तेव्हा आम्हाला पुढे उभं केलं. तो फोटो भिंतीवर लावला. कामं वाटून दिली तेव्हा आम्ही आत, नळापाशी. तुमच्या जुन्या बायका हसतात, बोलतात, आम्ही आलो की आवाज खाली. माझी जाऊ म्हणाली, भांडीच घासायची तर घरी काय कमी पडली आहेत?

ताई : मला का नाही कुणी बोललं?

शिवणवाली : तुम्ही विचारलं कधी?

ताई : नाही विचारलं.

शिवणवाली : आणि आत्याबाईंचं मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. दारातच बोलल्या मला.

ताई : काय? आणि तुम्ही गप्प बसलात?

शिवणवाली : काय बोलू? म्हाताऱ्या आहेत. दार त्यांचं. मी डबा बाहेरच्या स्टुलावर ठेवायची, बेल वाजवायची, अर्धा जिना उतरून उभी राहायची. जरा वेळानं दार उघडायचं. डबा आत जायचा.

ताई : जेवायची ती?

शिवणवाली : दुसऱ्या दिवशी रिकामा डबा बाहेर. घासलेला. एकदा तर दाराआडून ओरडल्या, ‘मीठ कमी आहे गं!’ घरी जाऊन मी नवऱ्याला सांगितलं, आज आपणहून बोलल्या माझ्याशी. आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या हातात सुरी दिली, भाजी चिरायला.

ताई : मला वाटलं, मी तुम्हाला सांभाळून घेतेय.

शिवणवाली : तुम्हाला भांडण नको होतं.

ताई : नको होतं. खरंच नको होतं. आई गेल्यावर तिनं वाढवलं मला. तिच्यासमोर आजही तोंडातून शब्द फुटत नाही. आणि इथे रोज याची समजूत काढा, तिची समजूत काढा. दमलेय हो मी.

शिवणवाली : मी पण दमले, ताई. सगळ्यांकडे बघून हसून हसून दमले.

ताई : ती गल्ली परत तुमची. आत्याला फोन करते मी.

शिवणवाली : फोन नको. फोनवर तुम्ही गोड गोड बोलणार. उद्या डबा घेऊन तुम्हीच जा, तोंडावर सांगा. मी उद्या येत नाही. झोपणार आहे. परवा येईन. तुम्ही सांगितलं असेल तर.

(दुसऱ्या दिवशी दुपारी. तिसरा मजला, आत्याच्या घराचं दार.)

आत्या : अगबाई, तू स्वतः! किती वाळलीस गं. ती पुलापलीकडची आता कायमची बंद ना?

ताई : तेच सांगायला आले. उद्यापासून डबा तीच आणणार.

आत्या : मी नको म्हटलं होतं तुला.

ताई : म्हटलं होतंस. तरी तीच आणणार.

आत्या : मी दार उघडणार नाही.

ताई : नको उघडूस. ती स्टुलावर ठेवेल.

आत्या : आणि जेवलेच नाही तर?

ताई : तर उपाशी राहशील. माझ्या डोळ्याला डोळा लागणार नाही. पण दुसरं कुणी येणार नाही, आत्या. मीसुद्धा नाही.

आत्या : बोल, बोल. तुझ्या वेण्या घातल्या या हातांनी. त्याचं हे फळ.

ताई : विसरले नाही मी.

आत्या : तिचं बोलणं धड कळत नाही मला. कपडे वेगळे, वागणं वेगळं. या वयात नवं माणूस कुठून शिकू मी?

ताई : नको शिकूस. डबा घे फक्त.

आत्या : रडायला काय झालं?

ताई : रडत नाही. दमलेय.

आत्या : पाणी पी. हे घे. सावकाश.

ताई : निघते आता. बाकीचे डबे खाली गाडीत आहेत, लोक वाट बघत असतील.

आत्या : थांब. तिला सांग...

ताई : काय?

आत्या : खालच्या जिन्यातला दिवा गेलाय. शेवटच्या पायऱ्या दिसत नाहीत. भिंतीला धरून यायला सांग.