चिंधी बांधलेली भेंडी

…आन् वर गल्लीतले लोक मलाच म्हणायलेत, छबूबाई, तुमच्या परसात एवढं जागृत देवस्थान हाय आन् तुमी कुणाला बोलला न्हाईत! कसलं देवस्थान? भेंडीच हाय ती, देवी न्हाई!

तुमाला सांगते, ही भेंडी साधी न्हाई. म्हंजे साधीच, पण माझ्या आईच्या बियाची. लग्नात माहेराहून, चुडाव्याहून पदराच्या गाठीत आणलेलं बी, पन्नास वर्षं इथं सासरी बोरीत दर साली लावलं. गेल्या साली डोळ्याचं आपरेशन झालं, लावायचं राहिलं. औंदा गाडग्यातलं जुनं बी मूठभर टोबलं, तर उगवलं किती? एक झाड! त्याच्या दोन भेंड्या बियाला राखल्या आन् कुणी तोडू नये म्हणून लाल चिंधी बांधली. आमचा रिवाजच हाय तसा, चिंधी दिसली की बियाची, हात लावायचा न्हाई. ह्या दोन वाळल्या तर बी वाचलं, न्हाई तर आईचं बी माझ्या हातानं बुडालं.

तर शेजारची कुसुमबाई. तिची शेळी हरवली होती. हुडकत परसात आली, चिंधी बघितली, नवसाची समजली, हात जोडले आन् गेली. सांजच्याला शेळी घरी! अहो, शेळी सांजच्याला घरी न्हाई येणार तर काय लॉजवर उतरणार? पण न्हाई… दुसऱ्या दिवशी ही नारळ घेऊन हजर. तिसऱ्या दिवशी गल्लीतले भगवानराव, दुखऱ्या गुडघ्यासाठी. आठ दिवसात एवढ्या चिंध्या की झाड दिसंना, आन् येईल तो तांब्याभर पाणी ओतायलाय. बुडात चिखल, पानं पिवळी. भेंडीच हाय ती, देवी न्हाई… घसा बसला माझा, कुणी ऐकतंय का?

मी शाळेचं तोंड बघितलं न्हाई, किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून अक्षर शिकले, पण पत्र्यावर चुन्यानं असं झोकात लिवलं की मास्तरनं बघत राहावं: 'पाणी घालू नये.' तर कुसुमबाई मान वाकडी करून काय म्हणाली?

"पाण्याचं लिवलंय छबूबाई, दुधाचं कुठं लिवलंय?"

आन् ओतलं की दूध! मुंग्यांची रांग लागली, त्यांच्या मागं पानांवर माव्याची कीड.

मग माझं डोस्कं फिरलं. परसाच्या दारात उभी राहिले आन् दिलं ठोकून, देवी सपनात आली, म्हणली फळ वाळून तडकंपर्यंत माझ्याकडं कुणी फिरकायचं न्हाई. बघा हं, सत्तर वर्षं खरं बोलायलेय, एकानं मानलं न्हाई. एकदा खोटं बोलले तर गल्ली सुनसान! भगवानराव तसल्या गुडघ्यानं पार मारुतीच्या पारावरून वळसा घालून जायला लागले.

वाळल्या हो माझ्या भेंड्या. साठ-सत्तर दाणे निघाले, आन् मी न्हाई म्हणेस्तोवर गल्लीनं प्रसाद म्हणून चार-चार नेले. आता दारोदार माझ्या आईची भेंडी डोक्याएवढी वाढलीय… आन् भाजीला एक बाई तोडंना! पाप लागतं म्हणं. कवळी भेंडी झाडावर निबर व्हायलीय. माझी सून मनिषा, बी.ए. झालेली, तीबी म्हणते, "आत्या, मला भ्या वाटतंय, तुमीच चिरा."

चिरते की! मी काय कुणाच्या बापाला भिते? भेंडीच हाय ती, देवी न्हाई, असं बडबडत काल विळीवर बसले, पहिली भेंडी हातात घेतली… आन् तुमाला सांगते, चिरायच्या आधी कपाळाला लावली.