वणी आपोआप उठते

तुम्ही हसाल, पण परवा एका मशीननं मला पार रडवेलं केलं. आमच्या ऑफिसात एकाच लिनक्स सर्व्हरच्या पोटात बरीच व्हर्च्युअल मशीन्स, म्हणजे सॉफ्टवेअरनं उभे केलेले वेगवेगळे कॉम्प्युटर, चालतात. नावं माझ्याबरोबर काम करणाऱ्या वैशालीनं तिच्या नाशिककडच्या गावांवरून ठेवलेली: निफाड, एकलहरे, वणी. वणी तिचं माहेर, म्हणून ते मशीन तिचं स्वतःचं. ती कॅनडाला गेली आणि ते रिकामं पडलं. मीही कधी तिकडे फिरकलो नाही.

शनिवारी लाइट जाणार म्हणून सगळी बंद केली. लाइट आल्यावर सर्व्हर लावला आणि एकेक मशीन हातानं सुरू करायला घेतलं, तर वणी आधीच चालू!

नवे साहेब म्हणाले, "हे कुणी सुरू केलं?"

"वैशालीनं. सर्व्हर उठला की आपोआप उठायचं, असं लावून गेलीय."

"चालतं काय त्याच्यावर?"

"काहीच नाही."

"मग उडवून टाक की!"

उडवण्याआधी एकदा बघावं म्हणून आत शिरलो. स्क्रीनवर ओळ आली, "आलास एकदाचा! किती वाट बघायला लावलीस रे."

साहेब वाकून म्हणाले, "हे कुणासाठी?"

त्या मशीनचा पासवर्ड जाताना तिनं फक्त मला दिला होता.