चारच्या कार्यक्रमातला तो गुरुवार

आदरणीय अध्यक्ष आणि आपल्या 'कडक भाकरी' या इंटरनेट रेडिओचे संस्थापक शिवशरणअण्णा, प्रमुख पाहुण्या, संगीत शिक्षिका प्रियदर्शनी मॅडम, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत त्या सत्कारमूर्ती सिद्धेश्वरीताई, सभागृहात बसलेले आणि या क्षणी मोबाइलवर हा समारंभ ऐकणारे सर्व श्रोते,

गुरुवार, २८ नोव्हेंबर २०२४, दुपारचे तीन वाजून चाळीस मिनिटे. त्या वेळी मी आपल्या स्टुडिओत बसून ताईंच्या जुन्या रेकॉर्डिंगमधून एक वाक्य कापत होतो. निरोपाच्या भाषणाची सुरुवात अशी करत नाहीत, हे मला माहीत आहे. पण मी, रेकॉर्डिंगचं काम बघणारा गुरुशांत, नववीतून शाळा सोडलेला माणूस. लिहून आणलं नाही तर मला दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत, आणि लिहायला बसलो की आधी तारीख आणि वेळच लिहिली जाते. त्या गुरुवारकडे मी परत येणार आहे. आधी मानाचं बोलतो.

सहा वर्षं रोज चार वाजता ताईंनी 'चारचा चहा' हा कार्यक्रम केला. एकही भाग आधी रेकॉर्ड केला नाही. अण्णा म्हणायचे, "बाई, चार दिवसांचं एकदम करून ठेवा की, लाइटबिल तरी वाचंल." ताई म्हणायच्या, "अण्णा, शिळ्या चहाला कोण येतंय?" गाणं लावण्याआधी त्या श्रोत्यांची विचारपूस करायच्या. करमाळ्याच्या अमुक सूनबाईंचा बारावीचा फॉर्म भरला का, चिंचोळी एमआयडीसीतल्या तमुक भावाचं बोट बरं झालं का. हे सगळं त्यांच्या डोक्यात असायचं. मी एकदा त्यांना वही आणून दिली. त्यांनी तिच्यात भाजीचा हिशेब लिहिला.

आता डॉक्टरांनी त्यांच्या घशाला कायमची विश्रांती सांगितली आहे. म्हणून हा समारंभ. आणि म्हणूनच उद्या, सोमवारपासून, नवे कार्यक्रम. त्यांची घोषणा करण्याचं काम अण्णांनी माझ्यावर सोपवलं आहे.

सोमवारी 'मागाच्या तालावर'. हातमाग चालवताना म्हटलेली तेलुगू आणि मराठी गाणी, शहराच्या पूर्व भागातल्या विणकरांच्या घरांत जाऊन गोळा केलेली. त्यातल्या तीन गाण्यांचे अर्थ मला अजून कुणी नीट सांगितलेले नाहीत, आणि त्यामुळे माझा जीव खालीवर होतो आहे. बुधवारी 'दोन्हीकडची गाणी', अर्धी कानडी, अर्धी मराठी. शुक्रवारी 'शिफ्ट सुटली', पण हा मात्र साडेपाचला, कारण कारखान्यांच्या बस तेव्हा निघतात. लग्नसराईत बँडवाल्यांचा एक आठवडा आहे, त्यात वाजंत्री मंडळी स्वतः येऊन नकलाही करणार आहेत. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेचे, म्हणजे आपल्या मोठ्या जत्रेचे, पाच दिवस आहेत. पाळणेवाले, मौत का कुआँवाले, सगळ्यांशी बोलणं झालं आहे. मंगळवारचं अजून ठरलेलं नाही. अण्णा, माझ्याकडे असं बघू नका, ठरेल.

पण या सगळ्यांचं निवेदन कोण करणार, असं तुम्ही विचाराल. मीही दोन महिने तेच विचारत होतो. अण्णा म्हणाले, "तूच कर की. सहा वर्षं काचेपलीकडनं बघतोयस." मला रात्रंदिवस एकच दिसायचं: लाल दिवा लागलाय, आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नाही.

म्हणून मी एक उपाय काढला. ताईंच्या जुन्या रेकॉर्डिंगमधून त्यांच्या आवाजाचे तुकडे कापायला लागलो. 'नमस्कार', 'आता ऐकूया', गावांची नावं, श्रोत्यांची नावं, हसणं. दोनशे बारा तुकडे झाले. ते जोडून नवे कार्यक्रम चालवायचे, असा माझा बेत होता. ताईंना विचारलं नाही. अण्णांनाही नाही.

त्या गुरुवारी ताई दवाखान्यात होत्या, आणि जाताना म्हणाल्या होत्या, "आज नुसती गाणी लाव, बाळा." मी गाणी लावली नाहीत. मी ते तुकडे जोडून अर्धा तास ताईंचा कार्यक्रम लावला. बावीस मिनिटं कुणालाही कळलं नाही. ती बावीस मिनिटं मी फार खूश होतो, हेही सांगायला हवं.

तेविसाव्या मिनिटाला ताईंच्या आवाजात प्रश्न गेला, "निंगव्वा, मालकांचा खोकला कसा हाय? आलं-गूळ देत जावा."

निंगव्वा अक्कलकोट तालुक्यातल्या. पहिल्या वर्षापासूनच्या श्रोत्या. ते वाक्य होतं चैत्रातलं. त्यांचे मालक भाद्रपदात वारले. मी तुकड्यांवर नाव लिहिलं होतं, तारीख लिहिली नव्हती. आयुष्यभर तारखा लिहिणाऱ्या माणसानं.

दोन मिनिटांत त्यांचा आवाजी मेसेज आला. "अक्का, कुणाचा खोकला विचारताय? मालक जाऊन अडीच महिने झाले की. तुमीच फोनवर माझ्यासंगं रडलाव न्हवं?"

तो मेसेज मी पुसला. ताई संध्याकाळी आल्या, तेव्हा त्यांच्या कानावर काहीच पडलं नाही. पुढे रोज त्या विचारत राहिल्या, "निंगव्वाचा काही निरोप नाही आला रे? मी चालले म्हणून रुसली काय?" आणि मी रोज सांगत राहिलो, "नेटवर्क नसंल, ताई."

काल दुपारी बारा वाजता मी निंगव्वांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ भांडी वाजत होती. मग त्या म्हणाल्या, "म्हंजे त्या दिवशी अक्का न्हवतीच?"

"नव्हत्या."

"मला वाटलं, अक्का मला इसरली. धा दिवस झाले, चार वाजले की मोबाइल उशीखाली घालून बसते मी."

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माझी कशाला मागतो? अक्काचं तोंड वापरलंस तू. उद्या सगळ्यांपुढं सांग तिला. मी ऐकते."

त्या ऐकत आहेत. म्हणून सांगतो. ताई, निंगव्वा रुसल्या नव्हत्या. तुम्ही त्यांना विसरला नव्हता. मधे मी होतो. दोनशे बारा तुकडे काल रात्रीपर्यंत पुसले आहेत. मूळ रेकॉर्डिंग आहेत, ती तुमची आहेत, त्यांची पेटी तुमच्या घरी पोहोचवतो.

अण्णांनी संधी दिली, मॅडम वेळात वेळ काढून आल्या, वाचनालयानं हे सभागृह दिलं, खुर्च्या लावणाऱ्यांनी जेवण उशिरा घेतलं, या सर्वांचे मनापासून आभार. उच्चार चुकले असतील, कुणाचं नाव राहिलं असेल, ते पोटात घाला. गुरुवारचं मात्र पोटात घाला असं मी म्हणणार नाही, ते तुम्हीच ठरवायचं आहे, ताई. उद्या चारला तुमच्या खुर्चीत माझ्याच आवाजात, 'हाय-न्हाय'सकट बसायचं मी ठरवलं आहे. तुमची ना असेल तर या माइकवरच सांगा. निंगव्वांचा मोबाइल आज उशीखाली नाही.