कॅमेऱ्यापुढच्या नऊ गाई

वाघांचे फोटो नंतर दाखवते, आधी गाईंचं ऐका. पांढरकवड्याकडच्या एका तांड्याजवळ आम्ही वाघ मोजायला झाडाला कॅमेरा बांधला होता. आठ दिवसांनी कार्ड काढलं, तर वाघ एकही नाही, नुसत्या गाई! त्याही एकेक करून आडव्या उभ्या. आधी डावी बाजू, मग उजवी. गाईंना ही शिस्त लावली कोणी?

मी तडक तांड्यावरच्या थावरूकाकांना गाठलं. गाई त्यांच्याच होत्या.

"काका, माझे आठ दिवस वाया गेले! गाई कॅमेऱ्यापुढं काहून उभ्या केल्या?"

"तूच तं सभेत सांगतलं, पोरी. दोन्ही बाजूचे पट्टे दिसले का वाघाची मोजणी होते, अन् मोजला का त्याच्यासाठी जंगल राखून ठेवते."

"अहो, ते वाघाचं!"

"माह्या गाईयचे ठिपकेबी येगळे येगळे हायेत. पाह्यले का नाही नीट?"

पाहिले होते. खरंच वेगळे होते.

"हितली चराई बंद करून राह्यले म्हणते," काका जवळ सरकून म्हणाले. "मंग सांग, नऊ गाईयच्या वाट्याले किती जंगल आलं?"