समुद्राकडं तोंड

...दुर्बीण सोडून काय हवं ते मागा. कॉफी देते, धुरावर सुकवलेला सामन मासा आहे, घरचा — पण दुर्बीण नाही. भाड्याची पाटी दिसतेय हो मला, मीच लिहिलीय. आज बंद समजा. देवमासे काय, नुसत्या डोळ्यांनीही दिसतात — ते बघा, क्लॅमथ नदीच्या मुखापाशी, फवारा उडाला ना? करडी मादी आहे, पिल्लू कुशीला. एप्रिलभर हेच, लेकराला घेऊन किनाऱ्याकिनाऱ्यानं उत्तरेला.

झाडांतून आलात ना? मान दुखली असेल वर बघून बघून. लोक त्या झाडांना मिठ्या मारतात, रडतातसुद्धा — आणि मग खाली येऊन त्याच झाडाच्या ओंडक्यावर बसून सँडविच खातात. पुरात नदी किनाऱ्यावर आणून टाकते ते. घराएवढा ओंडका, हा कसला हलतोय, असं वाटतं. अहो, गुडघाभर पाणी आलं की लोळतो तो. आमच्याकडं शेंबडं पोरही समुद्राकडं पाठ करत नाही. पण वाटाड्याला करावीच लागते — लोकांशी बोलायचं तर तोंड लोकांकडंच हवं ना? माझा नवरा वेंडेल तसाच गेला. पाहुण्यांना वर कोरड्या वाळूत उभं करून बजावत होता, ओंडक्यापासून लांब राहा म्हणून — आणि लाटेनं तोच ओंडका मागून उचलून त्याच्या अंगावर आणला. नाही, रडत नाहीये, वारा झोंबतोय.

ती लाल टोपी दिसते का खाली? कोरीन, आमची लेक. बापाचंच काम हवं म्हणाली, बापाच्याच जागी. किती भांडले, अबोला धरला — ऐकते कुठं. शेवटी एवढं कबूल केलं की समुद्राकडं तोंड करूनच बोलेन, लोक पाठीमागं. लोकांना उद्धट वाटते. वाटू दे. शब्द पाळते की नाही, तेवढं मी इथून बघते, रोज. देवमाशांशी मला काय करायचंय?

काय म्हणता, सकाळी झाडांत तिनंच फिरवलं तुम्हाला? गोड आहे हो पोरगी, बापासारखीच — कुणी हाक मारली, हात केला, की ओ दिल्याशिवाय राहायची नाही... अहो, हे काय करताय? हात खाली घ्या. खाली घ्या म्हणते ना, ती बघेल, आणि उलट हात करायला म्हणून —

वळली.

समुद्राकडं, त्या ओंडक्याकडं पाठ आहे तिची. बोलू नका आता.