वेल अजून मातीखालीच

ताश्कंदच्या वनस्पती उद्यानात द्राक्षवेलीच्या वर्गासाठी नावनोंदणी चालली होती. खिडकीपुढच्या रांगेत गरम नान-रोट्यांची पिशवी धरलेल्या एक बाई, त्यांच्यामागे चौकोनी टोपी घातलेले एक आजोबा, मग मी.

बाईंनी मागे वळून आजोबांना विचारलं, “अका, तुमच्या घरी वेल आहे?”

“आहे. चाळीस वर्षांची.”

“आणि छाटणी आता शिकताय?”

“छाटणी येते मला, आपा. थंडीसाठी पुरलेली वेल अजून मातीखालीच आहे.”

“अगं बाई! नवरोज होऊन तीन आठवडे झाले. थंडी कधीच सरली. फुटव्याचे डोळे कुजतील ना तिचे!”

“माहितीये.”

“फावडं नाही का घरात?”

“दोन आहेत.”

“मग पाठ धरली असेल.”

“पाठ ठणठणीत आहे. पुरायचं काम माझं, बांधायचं बायकोचं, ओयदिनचं. नोव्हेंबरात तिनं आपला जुना रेशमी झगा फाडला आणि त्याच्या पट्ट्यांनी वेलीची मोळी बांधली. जानेवारीत गेली ती.”

“अल्ला तिला जन्नत देवो.”

“माती काढली, की त्या गाठी सोडाव्या लागणार.”

“मग इथं येऊन काय होणार?”

“पहिला धडा कुणाच्या तरी अंगणात घेतात म्हणे. मी माझं अंगण सुचवणार आहे. वीस माणसं येतील. कुणीतरी सोडेल.”

“कुणीतरी कशाला? कात्री घालतील मेले! मी सोडते. पट्ट्या धुऊन, घडी घालून तुमच्या हातात देईन.”

“बरं. आपा, खिडकी रिकामी झाली, जा.”

“आधी तुम्ही जा. अंगण दुसऱ्या कुणाचं ठरायला नको.”