घरी बसून होणारं काम

माधवी : हालू नको वो खुशबू! मोबाइल तसाच धर. तिरपा झाला का नेटवर्क जाते.

खुशबू : ताई, हात मोडून राह्यला माहा! घंटाभर झाला पहाडावर. वेब डेव्हलपमेंटवर बोट ठेव, सबमिट दाब, खाली जाऊन भात खाऊ. सहाले लिंक बंद होते.

माधवी : माहीत हाय मले.

खुशबू : मंग? आख्ख्या जिवती तालुक्यातून नागपूरच्या ट्रेनिंगले तुहा एकटीचा नंबर लागला! वेब नाई तं सिस्टीम, दोनातलं एक घ्याचं. याच्यात एवढा विचार कायचा? आमच्या शाळेची साइट तूच बनवली ना? पळसाचा रंग दिला, तं हेडसर म्हणे, ही पोरगी कोड लिहिते का चित्र काढते! अन् सिस्टीम म्हणजे काय? थंड्यागार एसीच्या खोलीत रातभर कुडकुडत सर्व्हरची राखण. वावरातली जागलच ते! फक्त रानडुकरं नाई.

माधवी : जागलीले गेलेला माणूस घरी तं नसते ना.

खुशबू : म्हणजे?

माधवी : वेबचं ट्रेनिंग ऑनलाइन हाय, घरूनच. सिस्टीमवाल्यायले नागपूरले होस्टेलात राहा लागते, मशिनी तिथीच हायेत म्हणून. वाचलं नाई तू?

खुशबू : वाचलं ना! म्हणून तं वेब मस्त. घरी बसून...

माधवी : हां. हेच तू गडचांदूरच्या पाहुण्यायले सांगितलं. पोहे देता देता. "आमची ताई घरी बसून कमावते, चूल बी सांभाळते."

खुशबू : मी तं तुही तारीफ केली!

माधवी : आवडली त्यायले तारीफ. काल फोन आला. पोरगी पसंत हाय, पण वेबच घ्या लागते म्हणे. रातपाळीवाली सून नाई चालत. होळीच्या आधी लगन.

खुशबू : होळीच्या... मले काऊन नाई सांगितलं कोणी? तं नाई म्हण ना!

माधवी : किती डाव म्हणू? बाबा म्हणते, काम तं करू देऊन राह्यले ना ते, आणखी काय पाहिजे तुले? याच्यावर काय बोलू मी, सांग? तू लय बोलते ना, तूच सांग!

खुशबू : ओरडू नको ना. मोबाइल हालते.

माधवी : तं दोन्ही हातानं धर.

खुशबू : पण सिस्टीम तुले आवडत नाई.

माधवी : नाई आवडत.

खुशबू : अन् वेब?

माधवी : झोपेत बी दिसते मले. कोणतं बटन कुठी ठेवू, कोणता रंग देऊ.

खुशबू : मंग नागपूरले खोली घे अन् वेबच कर! हाय का नाई आयडिया?

माधवी : जे घरी होते त्याच्यासाठी पोरीले बाहेर कोण पाठवते वो? मायची शिलाई मशीन पाय. घरी बसून काम. ब्लाउज तिनंच शिवाचे, भात तिनंच रांधाचा, पाणी तिनंच आणाचं. ती कधी चंद्रपूरले गेलेली आठवते तुले? मशीनच्या सुईसारखी, इथल्या इथी वरखाली.

खुशबू : ताई, हळू. माय येऊन राह्यली खालून. त्या बोरीपाशी उभी हाय. तिनं आयकलं वाटते.

माधवी : आयकू दे. मोबाइल सरळ धर.

खुशबू : बॅटरी लाल झाली! ताई, दाब, काही बी दाब! नाई, थांब, काही बी नको... तू गेली तं मी भांडू कोणासंग?

माधवी : हात हालवू नको म्हटलं ना तुले.

(बायनाबाई धापा टाकत वर येते.)

बायनाबाई : झालं का? तुहा बाबा विचारून राह्यला. पाहुण्यायले फोन कराचा हाय त्याले.

माधवी : झालं, माय.

बायनाबाई : कोणतं दाबलं?

माधवी : सिस्टीम.

बायनाबाई : ते रातपाळीचं?

माधवी : हो. आता बदलत नाई ते.

खुशबू : माय, ताईले काही बोलू नको. पाहुण्यायपुढं मीच फालतू बडबड केली. मले बोल!

बायनाबाई : तू गप वो. मंघापासून तुहाच आवाज येऊन राह्यला बोरीपर्यंत.

माधवी : बाबाले काय सांगू मी?

बायनाबाई : बाबाले मी सांगतो. तू इकडं पाय. त्या मशिनीच्या खोलीत लय थंडी राह्यते म्हणे?

माधवी : हो. मशिनी तापू नये म्हणून.

बायनाबाई : मंग हात वर कर. टेप गळ्यातच हाय, जाकिटाचं माप घेऊन घेतो.